खान्देशची राजधानी, पण राज्याबाहेर

आमच्या नशिराबादहून भुसावळ गाठायचं, खंडव्याकडची गाडी पकडायची. रावेर मागे पडलं की राज्य बदलतं आणि बऱ्हाणपूर येतं. आपण तिथे मावा जलेबी खायला जातो. पण फारुकी सुलतानांच्या काळात हीच खान्देशची राजधानी होती, हे मला शाळेत कुणी सांगितलंच नाही.

हे शहर म्हणजे दख्खनचा दरवाजा. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड. १६०१ मध्ये अकबराने तो घेतला आणि बऱ्हाणपूर मुघल फौजांचा तळ झालं. १६३१ मध्ये शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना मुमताज इथेच बाळंतपणात गेली. १६८१ च्या सुरुवातीला हंबीरराव मोहित्यांनी इथे छापा घातला. त्याच वर्षी औरंगजेब स्वतः येऊन उतरला.

पण एवढ्या फौजेला पाणी कुठून? उत्तर आहे कुंडी भंडारा, १६१५ चा. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उतारावर शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. इंजिनियर असून मी तिथे गप्पच झालो.

तोफा गेल्या, पाणी राहिलं. पण डोंगरात पाणी मुरलं, तरच ते पुढेही राहील. तेव्हा पुढच्या वेळी आधी कुंडी, मग जलेबी. भेटूच!