पांढरीची गणती आणि काळीचे आकडे : पिंपळे सौदागर

पांढरी म्हणजे गावाची वस्ती व काळी म्हणजे शेतजमीन, हा भेद मराठी कागदपत्रांत सर्वत्र आढळतो. पेशवाईतील दफ्तराने काळीचा हिशेब बारकाईने राखला. खानेसुमारीची काही पत्रके मिळतात खरी. परंतु मुंबई इलाख्यात सर्वत्र माणसे मोजली गेली ती १८७२ च्या शिरगणतीत. त्यापूर्वीच्या लोकसंख्येविषयी जे बोलले जाते ते बहुधा जमिनीच्या आकड्यांवरून केलेले अनुमान होय. हे अनुमान कितपत टिकते, हे पुण्याजवळील पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावावरून तपासता येते.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. एका खातेदाराकडील सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर व १९१५ च्या सुमारास ७ एकर, असा त्यांचा हिशेब आहे. पाहणीच्या वेळी १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती व त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. लोकसंख्या वाढली, वाटण्या झाल्या, जमीन फुटली, असा याचा अर्थ पुढील लेखकांनी सर्रास लावला.

विसाव्या शतकापुरता तो बव्हंशी योग्य आहे. परंतु ४० वरून साडेसतरावर झालेली घसरण अवघ्या ४७ वर्षांतील आहे; पुढची, जवळजवळ तितक्याच प्रमाणातील घसरण होण्यास सुमारे ९७ वर्षे लागली. पहिल्या काळात तर १८०२ मधील होळकरांची स्वारी व लगोलगचा दुष्काळ यांनी पुणे प्रांत उद्ध्वस्त झाला होता. अशा काळात गावातील माणसे दुपटीहून अधिक वाढली असे मानणे कठीण आहे. तेव्हा माणसे वाढली की नावे वाढली, हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे. जुने थळ हे मिरासदार घराण्याच्या नावे असे; त्या एका नावाखाली अनेक भाऊबंद नांदत. घराणे नाहीसे झाले तर जमीन गतकुळी ठरे व ती उपरी कसत. उपऱ्यास मिराशी हक्क नव्हता, म्हणून तो गावचा असूनही नसल्यासारखाच. एका थळाची अनेक नावे लिहिली गेली की सरासरी घटते, वस्ती मात्र तेवढीच राहते.

बलुतेदारांची स्थिती याहून अवघड आहे. सुतार, लोहार, कुंभार यांचे गावातील स्थान बलुत्याने ठरत असे, एकरांनी नव्हे. महारांची वतनी जमीन अनेकांत वाटलेली असे आणि तिच्या मोबदल्यात सरकारी व गावकीची कामे करावी लागत; कनिष्ठ गावकामगारांची ही वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ मध्ये. खातेदारांच्या सरासरीवरून गावाची सामाजिक घडण वाचू पाहणाऱ्यास ही घरे जवळजवळ दिसतच नाहीत.

मॅन यांचे खरे श्रेय, त्यांनी खात्यापाशी न थांबता कुटुंब हाती घेतले, यात आहे. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे स्वतःच्या जमिनीवर निभावत होती. २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीच्या आधाराने तग धरून होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचा खर्च कोणत्याही मार्गाने भागत नव्हता. ही मजुरी बरीचशी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील होती. म्हणजे पांढरीतील माणूस काळीवर जगत नाही, ही स्थिती तेव्हाच आलेली होती. १९६० मध्ये दिस्कळकर यांची याच गावाची फेरपाहणी प्रसिद्ध झाली. पुढे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आल्यावर काळीवरही इमारती उभ्या राहिल्या आणि पांढरी व काळी हा भेद तेथे केवळ कागदोपत्री उरला.