धूळपाटीपासून काचपाटीपर्यंत

एखाद्या विषयाची धुळाक्षरे गिरवली, असे आपण सहज म्हणतो. त्या धुळाक्षरांत एके काळी खरोखरच धूळ होती, हे म्हणताना बहुधा ध्यानात येत नाही. इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आणि त्यानंतरही काही दशके, नगर जिल्ह्यातील नेवासे, पारनेर, संगमनेर अशा गावी आणि एकूणच महाराष्ट्रात, पंतोजींच्या शाळेत मूल पहिले अक्षर काढी ते धूळपाटीवर. लाकडाची पाटी, तिच्यावर पसरलेली विटकरीची बारीक भुकटी आणि टोकदार काडीची लेखणी एवढेच ते साहित्य. अक्षर उमटवायचे, पंतोजींना दाखवायचे, पाटी हलवून मोडायचे आणि त्याच जागी पुढचे काढायचे. मुळाक्षरे, बाराखडी, अंक, पावकी-निमकी हे सारे त्या वीतभर जागेतून जाई. हातात धरण्याजोगे साधन, अणकुचीदार लेखणी आणि उमटताच पुसली जाणारी अक्षरे, असे हे वर्णन. ते अलीकडच्या एखाद्या यंत्राचे वाटले, तर तो योगायोग नव्हे. लेखनाच्या इतिहासात हा प्रसंग एकाहून अधिक वेळा आला आहे.

या साधनाने समुद्रही ओलांडला. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक 1787 मध्ये मद्रासला आला आणि 1789 पासून तेथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. मलबारी मुले वाळूत बोटाने अक्षरे काढीत असल्याचे त्याने पाहिले आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. 1797 मध्ये त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचे पुस्तक छापले. पुढे बेल आणि लँकेस्टर यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शाळांतून इंग्लंडची गरीब मुले वाळूच्या तबकात लिहू लागली. गमतीचा भाग असा की, 1820 नंतर मुंबई इलाख्यात सरकारी आश्रयाने नव्या मराठी शाळा निघाल्या, तेव्हा हीच 'लँकेस्टर पद्धत' विलायती सुधारणा म्हणून आपल्याकडे परत आली.

धूळपाटीवर हात बसला की मूल बोरूकडे वळे, आणि बोरूबरोबर मोडीकडे. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या लेखाचा खरा विषय मोडीतच आहे. बालबोध लिहिताना हात वरचेवर उचलावा लागतो. उभी रेघ, गाठ, मात्रा आणि वरची शिरोरेघ यांचे स्वतंत्र फटकारे असतात. पोथीला हे परवडते, कारण पोथीला घाई नसते. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ग्रंथात बाबांचा उल्लेख 'लेखक' असाच आहे. रचणारा वेगळा आणि लेखक वेगळा, असा त्या शब्दाचा तेव्हाचा अर्थ आजच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावा लागतो.

कचेरीतल्या कारकुनाला मात्र घाई असे. निजामशाही असो, मोगलाई असो की पेशवाई, गावोगावच्या कुलकर्ण्यांना जमाबंदीचे कागद वेळेत पुरे करायचे असत. मोडीने ही अडचण सोडवली ती अक्षरालाच वाकवून. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरे ओवीत जायचे. अक्षरांचे कोन गोलावले, फटकारे एकमेकांत मिसळले, जोपर्यंत बोरूत शाई आहे तोपर्यंत हात उचलण्याचे कारण उरले नाही. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सोडला, शब्दांमधील मोकळी जागा सोडली, विरामचिन्हांचा प्रश्नच नव्हता. वेग मिळाला, पण त्याची किंमत वाचणाऱ्याने चुकवली. मोडी कागद वाचताना निम्मे काम डोळा करतो आणि निम्मे संदर्भ. मोडी कोणी आणली, यावर हेमाद्रीपासून लंकेपर्यंत बरेच लिहिले गेले आहे, त्यात येथे शिरत नाही. हातावर ताण येऊ लागला की लिपी मोडते, एवढे मात्र मोडी दाखवते. चिटणिशी, बिवलकरी, महादजीपंती, रानडी ही वळणे म्हणजे त्या मोडण्याच्या घराण्यागणिक वेगळ्या तऱ्हा होत.

छापखाना आला आणि बाजी उलटली. विल्यम कॅरीने 1810 मध्ये श्रीरामपूरला (बंगालमधल्या, आपल्या जिल्ह्यातल्या नव्हे) आपला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला खरा, परंतु जिचा सारा जीव अक्षर अक्षरात मिसळण्यात आहे, ती लिपी सुट्या शिशाच्या तुकड्यांत बसवणे हा तिच्यावर अन्यायच होता. मुद्रणाने बालबोध पत्करली. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' 1842 मध्ये नगरहून निघू लागले. म्हणजे छापील अक्षर बालबोध आणि हातचे अक्षर मोडी, अशी दुहेरी साक्षरता या एकाच शहरात पुढे कित्येक वर्षे नांदली. ती विसाव्या शतकात संपली. 1950 च्या दशकानंतर शाळेत मोडी शिकलेली नवी पिढी आली नाही.

आता जरा दूरचा प्रवास. 1993 मध्ये अ‍ॅपलने 'न्यूटन' हे हातात मावणारे यंत्र आणले. तुम्ही तुमच्या वळणात लिहा, मी वाचीन, असा त्याचा दावा होता. तो पुरेसा साधला नाही, व्यंगचित्रकारांना मात्र विषय मिळाला. 1996 मध्ये आलेल्या 'पाम पायलट'ने उलटा सौदा मांडला. यंत्राला माणसाचे अक्षर शिकवण्याऐवजी माणसाने यंत्राचे अक्षर शिकावे. 'ग्राफिटी' नावाच्या त्याच्या लिपीत जवळपास प्रत्येक रोमन अक्षर एका फटकाऱ्यात काढायचे असे. ए ची आडवी रेघ गळली आणि उरले ते नुसते छप्पर. टी म्हणजे एक कोपरा. पडद्याखालच्या लहानशा चौकटीत एक अक्षर काढायचे, ते वर छापील रूपात उमटे, आणि पुढचे पुन्हा त्याच जागी. धूळपाटी आणि मोडी, दोन्ही एकदम! लोकांनी ही लिपी शिकूनही घेतली. 'युनिस्ट्रोक' ही एकफटकारी लिपी आपली असल्याचे सांगून झेरॉक्सने 1997 मध्ये दावा लावला आणि 2003 मध्ये पामने लिपी बदलली. मोडीच्या वळणांवर मालकी सांगायला कोणी न्यायालयात गेल्याचे ऐकिवात नाही.

देवनागरीच्या वाट्याला असा सौदा आला नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी एन्कोअर या कंपनीबरोबर केलेला 'सिम्प्यूटर' 2001 मध्ये लोकांसमोर आला आणि 2004 मध्ये 'अमिदा' या नावाने विक्रीला आला. भारतीय भाषांसाठी लेखणीचे यंत्र, हे स्वप्न मोठे होते, पण बाजाराने ते उचलले नाही. अडचण केवळ बाजाराची नव्हती. 'कि' लिहिताना पुष्कळांचा हात आधी वेलांटी काढतो आणि मग क. यंत्राच्या साठवणीत मात्र क आधी आणि वेलांटी नंतर. शिरोरेघ कोणी अक्षरागणिक देतो, कोणी शब्द संपल्यावर एकदम, कोणी देतच नाही. हे सारे यंत्राला उमजेपर्यंत मराठी माणूस रोमन लिपीत 'कसा आहेस' लिहायला सरावला होता. 2015 मध्ये गूगलने 82 भाषांसाठी हस्तलेखनाची सोय आणली आणि काचेवर बोटाने वा लेखणीने काढलेले देवनागरी अक्षर वाचले जाऊ लागले. तोवर सवय लागून गेली होती. दरम्यान, जून 2014 मध्ये युनिकोडने मोडीलाही जागा दिली होती. म्हणजे लिपीला संकेतांक मिळाले, ती लिहिणारे हात मात्र बहुतेक उरले नव्हते.

नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद आहेत. तसाच एक कागद समोर ठेवून मी परवा फोनच्या काचेवर लेखणीने मोडी 'क' काढून पाहिला. हात मुद्दाम उचलला नाही. फोनने क्षणभर वेळ घेतला आणि तीन पर्याय पुढे केले. तिन्ही बालबोध होते, आणि त्यांत क नव्हता. मी तो पुसला, आणि त्याच जागी पुन्हा काढला.