चौदा टक्के

खालच्या वेळा मी आठवणीतून लिहिलेल्या नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा एक आलेख असतो, गेल्या चोवीस तासांत आकडा कसा चढला-उतरला ते त्यात दिसतं. दुसऱ्या दिवशी मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला. तो अजून माझ्याजवळ आहे.

मे २०२४. आमचे अण्णा फुलंब्रीकडचे शेतकरी, वय चौऱ्याहत्तर, फुफ्फुसांचा जुना आजार. १३ मे रोजी रांगेत उभं राहून मतदान करून आले आणि तिसऱ्या दिवशी धाप इतकी वाढली की छत्रपती संभाजीनगरला आणून थेट अतिदक्षता विभागात दाखल करावं लागलं. बोटावर शाई ताजी होती. ऑक्सिजन मोजायचा चिमटा सिस्टरने शेजारच्या बोटाला लावला. तोंडावर घट्ट मास्क, त्यातून यंत्र हवा ढकलत होतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की माणूस गुंगीत जातो, तसे ते दोन दिवस गुंगीतच होते. तिथे रात्री नातेवाइकांना थांबू देत नसत. फाइलच्या कव्हरवर एक मोबाइल नंबर लिहून घेत. तो माझा होता.

सायंकाळी ६.४० : ६१ टक्के

बाहेरच्या बाकाशेजारी प्लग होता. फोन लावला, विजेची खूण उमटली. पुण्याच्या ताईशी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बोललो. तिचा मुलगा सुट्टीला आमच्याकडे आलेला. त्याचा दिवसाचा दीड जीबी संपला होता आणि ताईला रिपोर्टचे फोटो पाठवायचे होते, म्हणून मी माझा हॉटस्पॉट चालू करून दिला. कॉल संपला तेव्हा आकडा ५८ होता. प्लगला लावलेल्या फोनचे तीन टक्के उतरले होते. मी ते पाहिलं, आणि इथला प्लगच ढिला असेल असं म्हणून सोडून दिलं.

रात्री ९.३० : ४७ टक्के

निघताना सिस्टर म्हणाली, "दादा, फोन जवळ ठेवा. रात्री काही लागलं तर आम्ही फोन करू." सिडकोतल्या घरी आलो. उशाशी नेहमीची पांढरी केबल होती, दीड वर्षापूर्वी रस्त्यावरच्या गाडीवरून घेतलेली. ती लावली. विजेची खूण पुन्हा उमटली, आणि त्या खुणेवर माझा पूर्ण विश्वास होता.

१०.१५ : ४४ टक्के

आई म्हणाली, "अरे, मघाशी सत्तेचाळीस होतं ना?" मी फोन बंद करून चालू केला. मग व्होल्टेजला दोष दिला. आपल्याकडे मे महिन्यात सगळ्याच गोष्टींचा दोष व्होल्टेजवर जातो. पण चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. एवढ्या पट्ट्यात तो आपला आपण जुळवून घेतो. पंखा मंद फिरण्याइतकं व्होल्टेज पडलं तरी फोनला त्याचा पत्ता लागत नाही.

त्या रात्री मी फक्त एक हिशेब करायला हवा होता. पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण एकोणीस वॅट-तास ऊर्जा. पाऊण तासात तीन टक्के गेले, म्हणजे तासाला चार. म्हणजे जेवढं आत येत होतं त्यापेक्षा पाऊण वॅट जास्त बाहेर जात होतं. बिघाड एवढाच असतो. फोनला भूत लागलेलं नसतं, त्याची मिळकत खर्चापेक्षा कमी पडलेली असते. मग प्रश्न दोनच उरतात. आत किती येतंय, आणि बाहेर कुठे जातंय?

ज्याने आमच्या शहरातली पाणचक्की पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून त्या जोरावर जातं फिरवायचं, अशी ती रचना. धार बारीक झाली तरी पाणी वाहताना दिसतंच, जातं मात्र हलत नाही. फोनवरची विजेची खूण म्हणजे ते वाहताना दिसणारं पाणी. तार जोडली गेली आहे, एवढंच ती सांगते.

११.०० : ४१ टक्के

चार्जर बदलला. कपाटातला चांगला, नवा चार्जर काढला आणि त्याला तीच पांढरी केबल लावली. या चुकीवर मी सर्वांत जास्त रात्री जागून काढल्या आहेत. घरात दुसरी केबल होती, भाच्याच्या बॅगेत. ती मागायला मला सुचलं नाही, कारण केबल म्हणजे नुसती तार, तिच्यात काय बिघडणार, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आधी केबलच बिघडते. आतल्या तांब्याच्या तारा बारीक असतात, टोकाशी वाकून वाकून एकेक तुटते, आणि उरलेल्या तारांतून जाताना विजेचा दाब गळतो. शिवाय फोन आणि चार्जर एकमेकांशी केबलमधूनच बोलतात. किती वीज देऊ, किती घेऊ, ते आधी ठरतं. ते बोलणं नीट झालं नाही की दोघं सर्वांत सुरक्षित पायरीवर उतरतात. जुन्या यूएसबीची ती पायरी म्हणजे पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, अडीच वॅट. चार्जर कितीही मोठा असला तरी.

११.४० : ३८ टक्के

बॅटरी कोण खातंय ते पाहायला सेटिंगमध्ये गेलो. ॲपची यादी होती. सर्वांत वर व्हॉट्सअ‍ॅप, साहजिकच. मी ते बंद केलं. यादी आणखी खाली सरकवली असती तर हॉटस्पॉट दिसला असता. संध्याकाळपासून तो चालूच होता. गच्चीवर झोपायला गेलेला भाचा त्याला जोडलेला होता आणि काही तरी पाहत होता. त्यात त्याचा काहीही दोष नाही, हे मी त्याला बसवून, कागदावर आकडे मांडून सांगितलं आहे. केबल धड असती तर त्याने रात्रभर पाहिलं असतं तरी माझा फोन सकाळी शंभरावर असता.

१२.२० : ३५ टक्के

वळवाचा वारा सुटला, पत्रे वाजले, लाईट गेली. पंचेचाळीस मिनिटं फोनच्या टॉर्चवर मेणबत्ती, माचिस, आईच्या गोळ्या शोधल्या. घरातलं वायफाय गेलं, फोन मोबाइल डेटावर आला. सिग्नल एका काडीवर होता. सिग्नल कमी असला की टॉवरपर्यंत पोहोचायला फोनला जास्त जोराने ओरडावं लागतं, आणि तो जोर बॅटरीतूनच येतो.

इथे साधा उपाय होता. मोबाइल डेटा बंद केला असता तरी कॉल आला असता. मला फक्त कॉलच हवा होता.

१.०५ : ३१ टक्के

लाईट आली. फोन पुन्हा त्याच केबलला लावून उशीखाली ठेवला, थरथर कळावी म्हणून. दिवसा पारा चाळिशीच्या वर होता आणि खोलीच्या भिंती अजून तापलेल्या होत्या. लिथियम बॅटरी साधारण पंचेचाळीस अंशांपलीकडे चार्ज करू नये असा नियम आहे. फोन त्याच्या कितीतरी आधीच हात आखडता घेतो, आत येणारी वीज कमी करतो आणि वेळ पडली तर थांबवतो. उशीखाली ती उष्णता जायला वाट नव्हती. आलेखात इथून उतार एकदम तीव्र होतो.

१.५० : २५ टक्के

आईने उशीखालून फोन ओढून काढला. दीड महिन्यापूर्वी, ३ एप्रिलच्या पहाटे, छावणीतल्या दाणाबाजारात कपड्यांच्या दुकानाला आग लागली होती. वरच्या मजल्यावर झोपलेली सात माणसं गेली, त्यात दोन लेकरं. आग वर पोहोचलीच नव्हती, धुराने ती गुदमरली असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता. चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीची शक्यता तेव्हा शहरभर बोलली गेली. तेव्हापासून आमच्या घरात रात्री चार्जिंगला काही लावलं की आई दोनदा उठून हात लावून बघते. फोन चटका बसेल इतका गरम होता. तिने तो खिडकीच्या फरशीवर ठेवला. त्या रात्री फोनच्या बाबतीत कुणी काही बरोबर केलं असेल तर ते तिने.

तिचा स्वतःचा बटणांचा फोन देवघराच्या कोनाड्यात होता. चार दिवसांनी एकदा चार्ज करावा लागणारा, भरलेला. रुग्णालयाला एक फोन करून "हाही नंबर लिहून घ्या" म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी मात्र पाच तास एका आकड्याशी झुंजत होतो. तो आकडा कशासाठी हवा आहे हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

२.४० : १९ टक्के

झोप लागली. एकोणीस टक्के सकाळपर्यंत पुरतील, असा शेवटचा हिशेब केला होता.

३.३५ : १४ टक्के

इथे आलेखाची रेघ तुटते. शून्यावर येऊन नाही, चौदावर.

याचं कारण मला नंतर पैठण गेटला समजलं. तिथल्या मोबाइलच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने फोनची पाठ गरम करून उघडली. बॅटरी मधोमध उशीसारखी फुगलेली होती. आतलं रसायन विघटित होऊन वायू धरतो, त्याने ती फुगते. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्जला लावायची नाही. त्याने ती वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. मग म्हणाला, "चार वर्षांची झाली साहेब. आकडा खरा नसतो तिचा." टक्केवारी हा फोनचा अंदाज असतो. बॅटरी म्हातारी झाली की आतला विरोध वाढतो. फोनने एकदम जास्त वीज मागितली, म्हणजे टॉवर शोधला किंवा स्क्रीन उजळली, की दाब क्षणात कोसळतो आणि आतला पहारेकरी सगळं बंद करतो. मग चौदा असो की वीस. ॲपलने याच कारणासाठी जुन्या आयफोनांचा वेग कमी केल्याचं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं आणि जगभरातल्या ग्राहकांची माफी मागितली होती. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. माझ्या खिशाशी तिचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

त्याने चार्जिंगच्या भोकातून लाकडी काडीने हलक्या हाताने मळ काढला. खिशातल्या कापडाची दाबून बसलेली करडी गादी होती ती. टाचणी तिथे कधी घालू नका म्हणाला, आतल्या पट्ट्या एकमेकींना भिडतात. मग नवी बॅटरी घालून, एक छोटा मीटर मध्ये लावून केबल तपासल्या. माझी पांढरी केबल : ०.३८ अँपिअर. त्याच्या दुकानातली साधी केबल, तोच चार्जर, तोच फोन : १.७. पांढरी केबल मी परत मागून घेतली. का, ते त्याला सांगितलं नाही.

पहाटे ५.५० : बंद

आईने हाक मारली. काळी स्क्रीन पाहून मी भाच्याला उठवलं, त्याची केबल घेतली. आठ मिनिटांत फोन चालू झाला. सिग्नल आला आणि एकामागून एक मेसेज पडू लागले. फोन बंद असताना कोण कधी फोन करत होतं, ते कंपनी मेसेजने कळवते.

६.२५

पोहोचलो तेव्हा अण्णांच्या घशात नळी होती आणि गुंगीचं औषध चालू होतं. डॉक्टर शांतपणे बोलले. पहाटे श्वास थकत चालला होता, नळी टाकण्यावाचून इलाज नव्हता, पण त्याआधी काही वेळ ते चांगले शुद्धीवर होते, म्हणून तुम्हाला बोलवत होतो. नळी टाकली की बोलता येत नाही.

रात्रपाळीची सिस्टर ड्यूटी संपूनही थांबली होती. "मास्क बाजूला करून पाणी मागितलं बाबांनी. मग तुम्हाला बोलवा म्हणाले. विहिरीचं काही तरी सांगत होते. विहिरीवरचं, असं दोनदा म्हणाले. पुढचं मला नीट समजलं नाही."

त्यानंतर अण्णा नऊ दिवस होते. नळी निघाली नाही.

४.१२, ४.१४, ४.१९, ४.३३

मेसेजमधल्या चार वेळा. चारही रुग्णालयाच्या एकाच नंबरवरून. म्हणजे ती मुलगी एकवीस मिनिटं प्रयत्न करत होती, आणि तेवढा वेळ अण्णा वाट पाहत होते. माझ्या घरापासून तिथवर पहाटेच्या रिकाम्या रस्त्याने गाडीवर बारा मिनिटं लागतात.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर विहिरीवर गेलो. मोटर, स्टार्टरचा डबा, कोपऱ्यातली तुळस, काठावर गुंडाळून ठेवलेला दोर, सगळं त्यांनी ठेवलं होतं तसंच होतं. डबा उघडून पाहिला. काठाचे दगड हलवून पाहिले. अंधार पडेपर्यंत शोधत होतो.