घडवलेला सूर, धरलेला ठोका

मंडईतल्या एका ठरावीक गाळ्यावरूनच मी कांदे-बटाटे घेते. तिथे भाव कमी असतो म्हणून नव्हे. गाळ्यावर बसणारा मुलगा एके काळी माझ्या वर्गात होता म्हणून. त्यामुळे तराजूचे पारडे झुकल्यावरही एखादा बटाटा वर पडतो, आणि आपण शिकवलेले अगदीच वाया गेले नाही असे समाधान पिशवीबरोबर घरी नेता येते.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हते. पिशवी भरता भरता तो एकदम म्हणाला, "बाई, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग एक सांगा. सॅम्पलर घेऊ का सिंथेसायझर?"

मला आधी वाटले, कांद्याच्या दोन नव्या जाती निघाल्या असाव्यात. तो हसला. रात्री गाळा बंद झाल्यावर हा मुलगा नाचाचे संगीत रचतो, यंत्रावरचे. लग्नाच्या वराती, मंडळांचे कार्यक्रम असे त्याला बोलावणे येते. दोन वर्षे साठवलेल्या पैशात दोहोंपैकी एकच यंत्र येत होते.

"अरे, पण यात इतिहासाचा काय संबंध?"

"दुकानदार सांगतो ते त्याला विकायचं असतं म्हणून. मित्र सांगतात ते त्यांच्याकडे आहे म्हणून. पूर्वी कोणी काय घेतलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे इतिहासच सांगेल ना?"

इतिहासाच्या शिक्षिकेला असा प्रश्न आयुष्यात एखाद्या वेळीच विचारला जातो. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

पदार्थविज्ञानात माझी धाव शालान्त परीक्षेपुरती. तरी मला उमगले ते असे. सिंथेसायझर आवाज घडवतो. त्यात आधी कोणताही आवाज साठवलेला नसतो. असतो तो विजेचा प्रवाह. तो सेकंदाला ४४० वेळा हेलकावला की एक सूर निघतो, ८८० वेळा हेलकावला की त्याच्या वरच्या सप्तकातला. हेलकावा करवतीच्या दात्यासारखा टोकदार असेल तर आवाज झणझणीत, गोलसर असेल तर मऊ. मग त्यातला नको तेवढा भाग गाळायचा, आवाज किती झटक्यात उठावा आणि किती सावकाश विरावा ते ठरवायचे. कुंभाराने चाकावर मातीचा गोळा ठेवावा तसे हे काम. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली असे यंत्र सिद्ध केले, आणि पुढे त्यांचे नावच त्या यंत्राला पडले.

सॅम्पलरचे तसे नाही. तो आवाज धरतो. सॅम्पल म्हणजे वानगी. धान्याच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढून पाहतात ना, ती. प्रत्यक्ष वाजलेल्या आवाजाचे माप सेकंदाला हजारो वेळा घ्यायचे (आपल्या गाण्याच्या तबकडीत ते ४४,१०० वेळा घेतलेले असते), ती मापे स्मृतीत ठेवायची, आणि पट्टी दाबली की तीच मापे पुन्हा वाजवायची. भराभर वाचली तर आवाज चढतो, सावकाश वाचली तर उतरतो. कुत्र्याच्या भुंकण्यावर भूपाळी वाजवता येते ती यामुळे. मुलांना ते फार आवडते.

आता आपल्याकडचा जुना तंटा आठवा. हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिला महाराष्ट्रात केवढी प्रतिष्ठा मिळवून दिली! तरीही १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपल्या दारातून बाहेर काढले आणि १९७१ पर्यंत आत घेतले नाही. आरोप असा, की पेटीच्या पट्ट्या म्हणजे पायऱ्या. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला काढता येत नाही. आरोप खोटा नव्हता. शिक्षा जरा जास्तच झाली, एवढेच.

गंमत अशी, की जी मींड पेटीला जमली नाही ती विजेच्या यंत्राला सहज जमली. विजेचा दाब हळूहळू वाढवला की सूर पायऱ्या न चढता घसरत वर जातो. हे ज्याने ओळखले तो गृहस्थ आपल्या मुंबईचा. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी तीन जपानी यंत्रे जोडून भैरवी, ललित, भूपाळी, तोडी असे दहा राग नाचाच्या ठेक्यावर बसवले आणि एच्.एम्.व्ही.ने त्यांची तबकडी काढली. तीन यंत्रांपैकी एक ज्युपिटर-८ नावाचा सिंथेसायझर, दुसरे टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र, आणि तिसरी टीबी-३०३ नावाची एक लहानशी रुपेरी डबी. ही डबी मुळात एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेली. पण तिचा आवाज खऱ्या गिटारसारखा येईना, म्हणून ती खपेना. १९८४ मध्ये तिचे उत्पादन बंद पडले. सिंगांनी मात्र तिच्यातली घसरण हेरली आणि तीतून रागाची मींड काढली.

तबकडी पडून राहिली. इकडे अमेरिकेतल्या शिकागो शहरात तीच टाकाऊ डबी स्वस्तात मिळालेल्या तरुणांनी १९८७ साली तिच्या वळवळत्या आवाजावर एक नवे नृत्यसंगीत उभे केले. त्याचे जगभर नाव झाले. सिंगांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले: हे तर तेच, आणि पाच वर्षे आधीचे! शिकागोच्या मुलांनी ती ऐकली असावी असे मानायला मात्र आधार नाही. एकच हत्यार दोन गावांत दोघांच्या हाती पडले आणि दोघांनीही त्याचा करणाऱ्याने न योजलेला उपयोग केला. सिंग २०१५ साली मुंबईत वारले. कौतुक पाहायला पाच वर्षे मिळाली.

वस्तू करणाऱ्याने एक योजावे आणि घडावे दुसरेच, याचा दाखला मंडईला शिकागोहून आणण्याचे कारण नाही. ही दगडी अष्टकोनी वास्तू १८८६ साली उघडली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. तिच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता जोतीराव फुल्यांनी. आणि आज पाटीवर नाव आहे ते त्यांचे.

सॅम्पलरचा इतिहास श्रीमंतीत सुरू होतो. ऑस्ट्रेलियातले फेअरलाइट हे यंत्र १९७९ चे; त्याच्या किमतीत तेव्हा घर यावे. १९८० साली रॉजर लिन यांनी खऱ्या ढोलांचे ठोके साठवलेले यंत्र काढले, किंमत जवळजवळ पाच हजार डॉलर. त्याच वर्षी निघालेले ८०८ बाराशे डॉलरच्या आसपास. पण त्यातले ठोके विजेने घडवलेले, म्हणून जाणकारांनी नाके मुरडली. हा कसला ढोल, ही तर टिकटिक! १९८३ मध्ये तेही बंद झाले. मग ते जुन्या बाजारात गेले आणि गरिबांच्या पोरांनी उचलले. आज आपल्याकडच्या वरातीत छातीत घुमणारा तो लांबट खर्जाचा ठोका म्हणजे त्या 'खोट्या' ढोलाचाच वंशज. खरेपणाच्या परीक्षेत नापास झालेली वस्तू स्वतःच एक वाद्य होऊन बसली. आमच्या वर्गातही असे होते.

पुढे सॅम्पलरही स्वस्त झाला. १९८७ च्या एसपी-१२०० मध्ये सगळी मिळून दहा सेकंदांची साठवण होती. दहा सेकंद! पण हुशार मुलांनी जुनी तबकडी वेगाने वाजवून भरायची आणि आतून सावकाश काढायची, अशी युक्ती केली. आवाज थोडा खरबरीत झाला, आणि तो खरबरीतपणाच लोकांना आवडला.

इथपर्यंत मी वहीत टिपणे काढत आनंदात होते. त्यानंतर एक हकीकत वाचनात आली आणि प्रश्न निराळाच दिसू लागला. १९६९ साली अमेरिकेत 'द विन्स्टन्स' नावाच्या पथकाने 'आमेन, ब्रदर' ही चीज ध्वनिमुद्रित केली. तीत सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा वादक एकटा सहा-सात सेकंद ढोल वाजवतो. सॅम्पलर आल्यावर ते तुकडे लोकांनी कापले, उलटेसुलटे जोडले, आणि त्यांवर हजारो गाणी उभी राहिली. इंग्लंडात तर नृत्यसंगीताचा एक अख्खा पंथ त्यावर चालला. कोलमनला त्यातून काही मिळाले नाही. २००६ साली तो हलाखीत मेला.

आपल्याकडे काय झाले? मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वादक एका दालनात बसून वाजवीत. त्यांत गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले किती तरी. १९९० च्या दशकात ते ताफे विरळ होत गेले. एक माणूस, एक पेटी आणि पेटीत साठवलेली व्हायोलिने. गोव्यातच, हणजूणच्या किनाऱ्यावर, त्याच दशकात परदेशी पाहुण्यांनी सिंथेसायझरचे नवे नृत्यसंगीत जन्माला घातले आणि त्याला गोव्याचे नाव दिले. त्या संगीताला ट्रम्पेटवाल्याची गरज नव्हती.

दिवाळीच्या आधी मी गाळ्यावर गेले तेव्हा हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाई, मला सॅम्पलर कशासाठी हवा होता सांगू? काकांचा ताशा धरायचाय."

काका म्हणजे त्यांच्या वाड्यातले एक म्हातारे गृहस्थ. लिंबे-मिरच्या विकण्यात आयुष्य गेले, पण मिरवणुकीच्या दिवशी गळ्यात ताशा. टिळकांच्या पुतळ्यापासून मिरवणूक निघायची वेळ झाली आणि काकांची तर्री कडाडली, की माझ्यासारखी कानाला त्रासलेली बाईसुद्धा टाच उंचावून पाहते. ते शेजारीच पोत्यावर बसले होते. त्यांनी विचारले, "माझा ताशा त्या डबीत गेला, की मग तू मला कशाला बोलावशील?"

मुलाला उत्तर सुचेना. मलाही नाही.

आवाजाच्या भिंतींबद्दल इथे बोलायला हवे, कारण वाचकांच्या मनात तेच आले असणार. २००० सालच्या नियमांनी आवाजाला मर्यादा घातल्या. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने विसर्जनासाठी त्या भिंतींना सूट नाकारली. आणि २०२४ मध्ये हरित लवादाने ढोल-ताशा पथकात तीसच माणसे असावीत असे म्हटले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे कोर्टाची पायरी दोघांनीही चढली. पण भिंत कर्ण्यांची असते; सॅम्पलरचा काय किंवा सिंथेसायझरचा काय, आवाज हळूही लावता येतो.

माझा निर्णय मी त्याला सांगितला: सिंथेसायझर घे. एक तर वानगी धरण्याचे काम आता खिशातला फोन आणि घरचा संगणकही करतो. संगणक सूरही घडवतो, हे खरे. पण ज्याला आवाज कशाचा बनतो ते शिकायचे आहे त्याच्या बोटाखाली खुंट्या हव्यात. आणि दुसरे, घडवलेल्या सुराचे देणे कोणाकडे राहत नाही. धरलेल्या ठोक्याचे राहते.

"म्हणजे काकांचा ताशा घ्यायचाच नाही?"

मग मी त्याला माझ्या वहीतला सगळ्यांत आवडता भाग वाचून दाखवला. १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये ढोल विजेने घडवलेले आणि झांजा खऱ्या, साठवलेल्या. कारण झांजेचा झणत्कार घडवणे फार अवघड. शिकागो-डेट्रॉइटच्या नाचाचा कणा पुढे हेच यंत्र झाले. १९८७ च्या डी-५० ची युक्ती तर याहून सूक्ष्म: वाद्य कोणते हे कान पहिल्या क्षणाच्या आघातावरून ओळखतो, पुढची आस त्या मानाने कशीही चालते. म्हणून आघात तेवढा खरा साठवायचा आणि आस विजेने घडवायची. स्मृती महाग होती म्हणून काढलेली ही काटकसर; पण तबल्याला हात लावलेल्या कोणालाही पटेल, की सगळे रहस्य थापेतच आहे.

त्याने जुन्या बाजारातला एक सिंथेसायझर घेतला. दोन पट्ट्या वाजत नव्हत्या म्हणून भाव उतरला.

या वर्षी श्रावणात एका दुपारी त्याने मला मुद्दाम बोलावले. गाळ्यामागच्या बोळात पोती लावून आडोसा केला होता, आवाज घुमू नये म्हणून. काकांनी ताशा गळ्यात अडकवला, काड्या हातात घेतल्या. मुलाने फोन समोर धरला आणि म्हणाला, "काका, एकच ठोका. असे वीस वेळा."

काकांनी वीस ठोके दिले. हमाल थांबून पाहू लागले. मुलाने ते कानाला लावून ऐकले, पुन्हा ऐकले. "काका, यातले दोनसुद्धा सारखे नाहीत."

"सारखे कशाला असतील?" काका म्हणाले. "मी काय मशीन आहे?"

"मग वीसच्या वीस ठेवतो. पाळीपाळीनं वाजवीन."

त्याने खिशातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिले. मिरवणुकीच्या दिवसाची असते तेवढी बिदागी. काकांनी माझ्यासमोरच नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या. ताशा गळ्यातून उतरवला नाही.

"बरं," ते म्हणाले, "आता चतुर्दशीला किती वाजता यायचं ते सांग."