केचपची कुळकथा

सरहद्दीवरच्या गावात एकाच वस्तूला दोन-तीन नावे असणे नवलाचे नाही. आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर भागात, पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेले बेला हे असेच एक गाव. १९५६ साली हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, तेव्हा याच जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. बेला मात्र आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात मोडते. राज्याचे नाव दोनदा बदलले, तरी इथल्या कित्येक घरांतली मराठी बदलली नाही. या बाजूला तांबड्या, आंबटगोड फळाला कोणी टमाटा म्हणतो, कोणी वऱ्हाडी वळणाने भेदरे म्हणतो. जुन्या मराठीत त्याला बेलवांगी असेही नाव होते. परंतु त्याच फळाचा रस दाट होऊन बाटलीत किंवा पुडीत शिरला, की नदीच्या दोन्ही तीरांवर त्याला केचप अथवा सॉस एवढेच म्हणतात. हे नाव आणि ही गोडी आली कोठून, हे पाहिले म्हणजे मुलांच्या ताटात या पदार्थाला कोणती जागा द्यावी, हेही उमजते.

आश्चर्य असे की, मूळच्या केचपात टोमॅटो नव्हताच. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील फुकीएन प्रांताच्या बोलीत ‘के-त्स्याप’ म्हणजे मीठ घालून आंबविलेल्या मासळीचे पाणी. तिकडच्या खलाशांबरोबर ते आग्नेय आशियाच्या बंदरांत पोहोचले आणि तेथे इंग्रज व्यापाऱ्यांच्या जिभेला लागले. चार्ल्स लॉकियर या व्यापाऱ्याने १७११ साली लिहिलेल्या पुस्तकात उत्तम केचप टोंकिनहून, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून येते, अशी नोंद आहे. मायदेशी परतल्यावर इंग्रजांनी त्याची नक्कल आरंभिली. कोणी लहान मासळी व शिरका घेतला, कोणी अळिंबी, कोणी अक्रोड. पदार्थ निरनिराळे, परंतु हेतू एकच : महिनोन् महिने न नासणारे, खारट-आंबट तोंडीलावणे.

टोमॅटोची वाट निराळी होती. अमेरिका खंडातील हे फळ मेक्सिकोतील लोक फार पूर्वीपासून पिकवीत होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्याकडे आले. मिरची आणि बटाटाही असेच समुद्रापलीकडून आलेले पाहुणे होत. टोमॅटो हा वांग्याचा भाऊबंद खरा, पण धोतराही त्याच कुळातला. म्हणून युरोपात पुष्कळ काळ लोक त्याला विषारी समजून बिचकत असत.

या दोन वाटा अमेरिकेत एकत्र आल्या. फिलाडेल्फियाच्या जेम्स मीज या वैद्याने १८१२ साली टोमॅटोच्या केचपाची कृती छापली. तीत मसाला होता, ब्रँडी होती. मात्र साखरही नव्हती आणि शिरकाही नव्हता. म्हणजे आज ज्या गोडीसाठी मुले हट्ट धरतात, ती गोडी या पदार्थाच्या जन्माबरोबर आलेली नाही. ती मागाहून आली, आणि तिचे कारण चव एवढेच नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केचप कारखान्यात बनू लागला. फळे डब्यांत भरताना उरलेल्या साली आणि गाभे यांचाच पुष्कळ ठिकाणी केचप होई. असा माल आंबे, बुरसे, म्हणून त्यात सोडियम बेन्झोएट घालीत आणि रंग फिका पडू नये म्हणून डांबरापासून केलेले रंग मिसळीत. हार्वे वायली या सरकारी रसायनशास्त्रज्ञाने अशा भेसळीविरुद्ध मोठी मोहीम चालविली आणि १९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्नाचा कायदा झाला. त्याच सुमारास हाइन्झ या कारखानदाराने बेन्झोएट सोडून दिले. त्याऐवजी त्याने पिकलेली, सकस फळे वापरली आणि शिरका व साखर वाढविली. आंबटपणा आणि साखर जास्त असली म्हणजे जंतूंना तेथे थारा मिळत नाही. मुरांबा टिकतो त्याचे मर्मही हेच. भेसळ गेली हा मोठाच लाभ झाला, पण साखर कायमची मुक्कामाला आली.

आपल्या देशात १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाने या धंद्याला परवान्याची आणि प्रतीची चौकट घातली. आता ते काम २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली चालते. केचपात मीठ वगळता विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के असावेत, असा दंडक आहे. ताज्या टोमॅटोच्या रसात ते पाच टक्क्यांच्या आसपास असतात. ही तफावत रस आटवून आणि साखर घालून भरून काढतात. सर्वसाधारण केचपाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १७ ग्रॅममध्ये, जवळजवळ ४ ग्रॅम साखर आणि अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम, आणि मीठ ५ ग्रॅमहून कमी असावे. एक चमचा म्हणजे काही संकट नव्हे. परंतु मूल सकाळच्या पोळीला, दुपारच्या भाताला आणि संध्याकाळच्या खाऊला केचप मागू लागले, म्हणजे चमच्यांचे गणित पाहता पाहता वाढते.

केचपाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. टोमॅटोचा तांबडा रंग लायकोपीन या द्रव्याचा असतो, आणि शरीरातील पेशींची झीज रोखण्यास ते साहाय्य करीत असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. जर्मनीतील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, कच्च्या फळापेक्षा शिजवून आटविलेल्या टोमॅटोतून, आणि तेलाच्या संगतीने, हे द्रव्य अंगी अधिक लागते. मात्र आटविताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो, आणि चमचाभर केचपात मूळचा टोमॅटो असतोच थोडा. सबब केचप औषध नव्हे आणि विषही नव्हे. ते तोंडीलावणे आहे.

तोंडीलावण्याला भाजी म्हणण्याचा मोह मात्र घातक. १९८१ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने शाळेतील जेवणाचे नियम सैल करण्याचे योजिले. चिरलेल्या लोणच्यासारखे पदार्थही भाजीत जमा धरावेत, असा त्याचा आशय होता. ‘मग केचपही भाजीच!’ म्हणून देशभर टवाळी झाली आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. आपल्याकडे शाळेतील माध्यान्ह भोजनाचे प्रमाण ठरलेले आहे : प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज ५० ग्रॅम आणि वरच्या प्राथमिक वर्गात ७५ ग्रॅम भाजी. बेल्याच्या सरकारी शाळेतील मुलालाही हाच हक्क आहे. शाळेने दिलेली ही भाजी घरच्या ताटातून नाहीशी होऊ नये, एवढी काळजी मात्र आईबापांनीच घ्यावयाची आहे. शाळेच्या नियमाचा पहारा घरातील ताटावर नसतो, आणि पुडी फोडणे भाजी चिरण्याहून सोपे असते.

या सोयीला उत्तर शोधण्यास दूर जाण्याची गरज नाही. निखाऱ्यावर भाजलेले भेदरे, हिरवी मिरची, लसूण, चवीपुरते मीठ आणि वर चमचाभर जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल, ही चटणी या मुलखात नवी नाही. शेजारच्या तेलुगू घरात तिच्याच जातीची पच्चडी होते. भाजलेला टोमॅटो आणि तेल यांची जी जोडी प्रयोगशाळेने १९९७ साली वाखाणली, तीच येथे आहे, आणि साखरेचा कण नाही. ही चटणी चार दिवस टिकत नाही हे खरे; पण रोज ताजी वाटायची असल्यामुळे तिला टिकविण्यासाठी काही घालावेही लागत नाही. बाटली सणावारी, पाहुण्याच्या मानाने यावी. रोजच्या पंगतीत भाजीचा पाट तिला देऊ नये.