भाकड जनावराला वैरण कोण घालणार?



गच्चीवरच्या मेथी-दोडक्याबद्दल लिहिल्यापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. शहरातच, बंगल्याच्या मागे, एक गाय किंवा निदान दोन शेळ्या पाळल्या तर? घरचं दूध होईल, झाडांना घरचं खत होईल. एकीने तर कोंबड्यांचं विचारलं. अंडी खायची नाहीत म्हणे, नुसते झाडांवरचे किडे वेचायला. (किडे वेचायला कोंबडी, हे कोणत्या व्रतात बसवायचं ते तिनेच सांगावं!)

उत्तराआधी थोडा मुंबईचा इतिहास सांगते, कारण या प्रश्नाशी ते शहर दोनशे वर्षं झगडतंय.

गिरगावातली नावंच वाचा. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट. नारळी-फोफळीच्या वाड्या आणि भाताची खाचरं यांवरच आजची दाटी उभी आहे. आणि आपल्या इतक्या मंदिरांच्या शेजारी कांदेवाडी असावी, याची मला नेहमी गंमत वाटते. गवालिया टँक म्हणजे गवळी गुरांना पाण्यावर आणत तो तलाव. चर्नी रोडचं नावही गुरांच्या चरण्यावरून पडलं असं सांगतात. मैदानावर गुरं चारायला इंग्रजांनी कर बसवला, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वाराजवळ जमीन विकत घेऊन ती चराईला मोकळी केली, अशी ती हकीकत. काहीजण ते नाव ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून पडलं असंही म्हणतात.

याच जमशेटजींचं नाव मुंबईच्या पांजरापोळाशी जोडलेलं आहे. जून 1832 मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातलीही कुत्री मारली जाऊ लागली आणि कोटात दंगल उसळली. पारशी पुढे होते, पण जैन आणि हिंदूही सामील झाले. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, भुलेश्वरला पांजरापोळ उभा राहिला. जमशेटजी आणि आपल्या भायखळ्याच्या मंदिराचे मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, ही त्यामागची मोठी नावं. दोघेही चीनच्या व्यापारातले, आणि त्या व्यापारात अफू होती, हेही लिहून ठेवते. जीवदयेचा इतिहास लिहिताना तेवढंच पान फाडून चालणार नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा हिशेब. जनावर कामाचं आहे तोवर मालक सांभाळतो, पण ते म्हातारं, लंगडं किंवा भाकड झाल्यावर काय? त्याच्या वैरणीचा खर्च महाजनांनी आपल्यावर घेतला. पांजरापोळांना पैसा देणग्यांतून येई, तसाच व्यापाराच्या मालावर बसवलेल्या लाग्यातूनही येई. म्हणजे दया मनाच्या लहरीवर सोडली नव्हती, ती वहीत मांडली होती.

आता दुसरी बाजू. शहर वाढलं आणि दुधासाठी तबेले आले. व्यालेली म्हैस आणायची, दूध असेतो ठेवायची. भाकड म्हैस पुन्हा विईपर्यंत कित्येक महिने खाते, आणि शहरात जागा व वैरण दोन्ही महाग. म्हणून ती खाटकाला विकायची आणि दुसरी व्यालेली आणायची. रेडकाने दूध प्यायलं तर विकायला कमी पडतं, म्हणून ते उपाशी मरू द्यायचं. 1949 साली गोरेगावला आरे वसाहत झाली ती हे तबेले शहराबाहेर न्यायला. त्याने स्वच्छता सुधारली, पण भाकड म्हशीचं गणित बदललं नाही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. लहानपणी मला ते नुसते पाठांतराचे शब्द वाटत. पण नीट पाहिलं तर पाचही गोठ्यात घडणाऱ्या गोष्टी आहेत. पाळलेल्या जनावराला बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, दाणापाणी तोडणं. आपण दक्षिण महाराष्ट्रातले जैन तर पिढीजात शेतकरी. गोठा आपल्याला वर्ज्य नव्हता, गोठ्यातली वागणूक बांधलेली होती.

तर शेळीचं उत्तर. शेळी पाच महिन्यांत विते, करडं बहुधा दोन. त्यांतला बोकड कोणाकडे जाणार, हे पाळण्याआधी ठरवा. गाय वीस वर्षंही जगते, दूध मात्र व्याल्यावरच देते. शेवटच्या पाच-सात वर्षांच्या वैरणीचे पैसे आजच बाजूला काढता येत असतील, आणि गोऱ्हा झाला तरी ठेवायला जागा असेल, तर जरूर पाळा. "पुढे पांजरापोळात सोडू" असा बेत असेल, तर निदान वर्षाची वैरण आधी तिथे पोचवा. तिथली जागाही संपत आलेली असते.

कोंबडीचं उत्तर नाही असंच आहे. किड्यांसाठी कडुनिंबाचं पाणी फवारायचं की पान खुडून बाजूला ठेवायचं, यावर पुढच्या वेळी लिहीन. मी पान खुडते.