शनवारवाड्यांतील चित्रशाळा व जलरंगाचे आद्य पाठ

समोर मांडलेली वस्तु एका बाजूच्या उजेडांत, तिच्या पडछायेसह, पारदर्शक जलरंगांनीं कागदावर उतरविणें, या विद्येस स्थिरचित्रण म्हणतात. तांब्या, त्याखालीं चुण्या पाडलेलें फडकें व शेजारीं दोन फळें ही मांडणी शासकीय रेखाकला परीक्षेमुळें महाराष्ट्रांत घरोघर परिचित झालेली आहे. या शिक्षणाचा आरंभ मुंबईस १८५७ सालीं उघडलेल्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेपासून धरण्याचा प्रघात आहे. नियमबद्ध शालेय विषय या नात्यानें तो योग्यहि आहे. परंतु वस्तूकडे पाहण्याची ही दृष्टि मराठी हातास त्यापूर्वीं पासष्टाहून अधिक वर्षें पुण्यांतच लागली होती, व ती केवळ एका गोऱ्या चित्रकाराची देणगी नव्हती, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सर चार्ल्स वॉर मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ सालीं पुण्यास आला व मुळा-मुठेच्या संगमावर राहूं लागला. येथील देवळें, लेणीं व जनावरें यांचीं हुबेहुब चित्रें मिळवावीं, असा त्याचा छंद होता. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स हा १७९१ सालीं मुंबईस उतरला व १७९२ सालीं पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें त्यानें काढलेलें मोठें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. मॅलेटच्या खटपटीनें व पेशव्यांच्या अनुमतीनें शनवारवाड्यांत एक चित्रशाळा निघाली. तींत इंग्रजी पद्धतीचें चित्रण एतद्देशीयांस शिकविलें जाई. वेल्सच्या हाताखालीं रॉबर्ट मेबन नांवाचा इंग्रज व गंगाराम चिंतामण तांबट नवगिरे हे काम करीत.

गंगाराम हा नांवावरून तांबटाच्या घराण्यांतील दिसतो. ज्या भांड्यांवरील उजेड टिपण्यांत पुढील काळच्या विद्यार्थ्यांनीं पिढ्यानपिढ्या घाम गाळला, तींच भांडीं घडविणाऱ्या जातीचा हा पुरुष असावा, हा योग लक्षांत घेण्यासारखा आहे.

आतां गंगारामानें नवीन काय शिकावयाचें होतें, तें पाहूं. देशी चित्रकाराचा कागद घोटीव. त्यावर कुंचल्याची रेघ, नंतर डिंकांत खललेले जाड रंग, आणि उजळपणा आणावयाचा तर वरून सफेदा. अशा रंगानें चूक झांकतां येते. वस्तूचें रूप मुख्यतः रेघ सांगते व पडछाया साधारणपणें नसते. मेणवलीच्या नानांच्या वाड्यांतील भिंतीवरील चित्रें पाहणारास ही रेघेची सत्ता तत्काळ जाणवते.

जलरंगाच्या इंग्रजी पद्धतींत हा क्रम अगदीं उलटा होतो. उजेड म्हणजे न रंगविलेला कोरा कागद. तो कोठें राखावयाचा, हें कुंचला भिजविण्यापूर्वींच ठरवावें लागतें. मग फिक्या थरावर, तो वाळल्यानंतर, गडद थर चढवीत जावयाचें. एकदां पडलेला डाग परत निघत नाहीं. उजेड एकाच दिशेनें येतो, हें धरून वस्तूचा फुगवटा व जमिनीवरील छाया ही दोन्ही दाखवावयाचीं. या कामास लागणाऱ्या रंगाच्या वड्या इंग्लंडांत रीव्हज बंधूंनीं सुधारल्या, व त्याबद्दल तेथील कलासंस्थेनें १७८१ सालीं त्यांस रौप्य पारितोषिक दिलें. अर्थात् ही सामग्री त्या काळीं विलायतेंतहि नवीच होती. आयुष्यभर रेघेवर विसंबलेल्या हातास रेघ सोडून छायेवर विश्वास ठेवणें किती अवघड गेलें असेल, हें जाणत्यांस सांगणें नको.

गंगारामानें तें साधलें. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें त्याचें चित्र नोव्हेंबर १७९० मधील आहे. त्यांत प्रथम पेन्सिलीची आंखणी, मग शाईची रेघ व वर जलरंग, अशी मिश्र रीति आहे. जुनी रेघ सुटलेली नाहीं, पण नवी छाया आलेली आहे. पुढें त्यानें मॅलेटसाठीं वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं. न हलणारी पाषाणमूर्ति व तिच्यावर एकाच बाजूनें येणारा उजेड, याहून मोठा स्थिरचित्रणाचा पाठ कोणता? पर्वतीचें त्याचें दृश्य १७९५ चें आहे.

वरील तारखा वाचकांनीं ताडून पाहाव्या. वेल्स मुंबईस उतरला १७९१ सालीं. गेंडा १७९० चा. तेव्हां गंगाराम हा वेल्सनें शून्यापासून घडविलेला शिष्य, ही समजूत टिकत नाहीं. वेल्सच्या संगतीनें त्याचा हात अधिक तयार झाला असेल. पण पाया आधींच घातला गेला होता, व तो मॅलेटच्या आश्रयानें एका देशी कारागिरानें स्वतःच्या अभ्यासानें घातला, असें मानणें अधिक सयुक्तिक आहे.

दैव मात्र या शाळेस अनुकूल नव्हतें. २७ आक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव वारले. पुढील महिन्यांतच वेल्सहि गेला. १७९७ सालीं मॅलेटनें पुणें सोडलें. त्यानें १७९९ सालीं वेल्सची कन्या सुझाना हिच्याशीं विवाह केला. वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यानें १८०३ सालीं मोठा चित्रग्रंथ काढला, त्यामुळें वेल्सचें नांव राहिलें. गंगारामाचीं बरींच चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत आहेत. ज्या शहरांत तीं निघालीं, तेथें त्याचें नांव घेणारे मोजकेच.

शाळा म्हटली कीं फसलेले कागदहि आले. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, दप्तरांच्या रुमालांत एखादा रंगीत सुटा बंद आढळल्यास तो रद्दी समजून टाकूं नये. उजेडासमोर धरून त्यांत विलायती कारखान्याची जलमुद्रा आहे कीं काय तें पाहावें. केवळ बारीक समांतर रेघांवर भिस्त ठेवूं नये, कारण जुन्नरी व दौलताबादी कागदांतहि चाळणीच्या काड्यांच्या रेघा उमटतात. रंगाखालीं पेन्सिलीची आंखणी, उजेडाच्या जागीं राखलेला कोरा कागद व एका दिशेची पडछाया, या तीन खुणा एकत्र दिसल्यास तो बंद बारकाईनें तपासण्यास योग्य समजावा. त्यावर एखादा वेडावांकडा तांब्या असला तरी हरकत नाहीं. या विद्येच्या इतिहासांत पूर्ण चित्राइतकेंच शिकणाराच्या चुकीसहि मोल आहे.